बॉयलरमागचे सत्तावीस जण

फ्रेमच्या मागे, खिळ्याला गुंडाळलेला दोरा अजून आहे. पांढरा होता, आता चहाच्या रंगाचा झालाय. झेंडूच्या पाकळ्या कधीच गळून गेल्या. दोन-तीन वाळके देठ गाठींना चिकटून आहेत. अशा वेळी जुना वास आला असं लिहायची पद्धत आहे. मी नाक अगदी जवळ नेलं. मला ओल्या गवताचा, पोटऱ्यांना चोळायच्या मलमाचा आणि कोणीतरी मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या मटणाच्या पेस्टीचा वास आला. झेंडू नव्हता.

खरं तर मी इथे येणारच नव्हते. आई-बाबा आता स्टॅनमोरला माझ्या भावाकडे राहतात. दर शनिवारी ज्युबिली लाइनच्या शेवटच्या स्टेशनावर उतरून मी त्यांच्याकडे जाणारी बस धरते. त्या बसच्या वरच्या मजल्यावरून एरवी झाडंच दिसतात. ऑक्टोबरात पानं गळाली आणि झाडांमागे फ्लॅट दिसले, माझ्या जुन्या क्लबचं मोठं मैदान होतं नेमक्या त्या जागी. बाल्कन्यांतून सायकली आणि वाळत घातलेले टॉवेल. मी घंटी दाबली आणि उतरले.

क्लबहाउस उभं आहे. मागचं मैदानही आहे, तेच उतरतं, कुंपणाकडे झुकलेलं. बिल्डरलासुद्धा ते नको होतं म्हणे.

आम्ही तेव्हा वेम्बलीत, ईलिंग रोडच्या मागच्या गल्लीत राहायचो. स्टेडियमचे जुने पांढरे बुरुज पाडून झाले होते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून नवी लोखंडी कमान रोज थोडी थोडी वर चढताना दिसायची. आई भांडी विसळता विसळता तिच्याकडे बघायची. "एवढं मोठं तोरण बांधून रायले," ती म्हणायची, "पण लगन कोणाचं हाय, थे त सांगा."

मी सहा वर्षांची असताना आम्ही नागपूरहून आलो. बाबा बस डेपोत मेकॅनिक. डिझेल त्यांच्या नखांतून कधी गेलं नाही आणि त्यांची शिफ्ट कधी बुडाली नाही. ताप असला तरी ते जायचे. भाऊ झाला त्या दिवशीसुद्धा दुपारपर्यंत कामावर होते. आई ते अजून विसरलेली नाही.

आणि मी रग्बी खेळायचे. प्रॉप. म्हणजे आठ-आठ जणी खांद्याला खांदा लावून समोरच्यांना रेटतात त्या स्क्रमच्या अगदी पुढच्या ओळीत, जिथे मान, कान आणि अब्रू तिन्ही पणाला लागतात. आईने एकदाच येऊन सामना पाहिला. "गाईम्हशीवानी रेटारेटी करतेत पोरी," एवढंच म्हणाली, आणि त्या संध्याकाळपासून मोहरीच्या तेलात हळद गरम करून माझ्या खांद्यांना लावायला लागली. सोमवारी शाळेत माझी मान पिवळी असायची.

त्या हिवाळ्यांचा आवाज माझ्या कानात आहे. बुटांखालच्या लोखंडी खिळ्यांची सिमेंटवरची टकटक. चिखलातून पाय उपसताना होणारा तो असभ्य आवाज. कुंपणापलीकडे कोणाचा तरी कुत्रा, आणि त्याला हाका मारणारी कोणाची तरी आजी. आम्ही मुली मागच्या मैदानावर खेळायचो. उतारावरून चेंडू आपोआप कुंपणाकडे जायचा, त्यामुळे निम्मा वेळ सगळा सामना एकाच कोपऱ्यात. मोठं मैदान पुरुषांचं. आठवडाभर ते "विश्रांती घेत" असायचं. इतकी विश्रांती आमच्या घरात कोणालाच मिळत नव्हती.

क्लबहाउसमध्ये भिंतभर लाकडी पाट्या आणि त्यांवर सोनेरी अक्षरांत अध्यक्षांची नावं. या देशात कशालाही पन्नास वर्षं झाली की त्याला पाटी मिळते, शंभर झाली की टाय. आमच्या क्लबचं शंभरावं वर्ष जवळ आलं होतं, त्यामुळे अध्यक्ष पेलमसाहेब टायमध्येच असायचे. उंच, गुलाबी, मनाने वाईट नसलेला माणूस. फक्त तो बोलायला लागला की तो वरच्या पायरीवर आणि आपण खालच्या, असं वाटायचं.

बार सांभाळायची मॉरीन. उत्तरेकडच्या, लोकरीच्या गिरण्यांच्या गावातली. आमच्या चिखलाने भरलेल्या हातांत ती गरम ब्लॅककरंट सरबताचे मग द्यायची आणि प्रत्येकीला "लव्ह" म्हणायची, पेलमसाहेबांनाही. त्यांना ते आवडत नसे, म्हणून दोनदा म्हणायची.

शताब्दीच्या निमित्ताने पेलमसाहेबांनी जाहीर केलं की एप्रिलमधल्या एका शनिवारी मुलींचा एक सामना मोठ्या मैदानावर होईल. एकच. तरीही मी ते ऐकून सायकलवरून घरी येताना मोठ्याने ओरडले होते. मला त्या वयात दुसरं काहीही इतकं हवं नव्हतं. त्या मैदानाचं गवत मी रविवारी रिकाम्या वेळी वाकून हाताने पाहून यायचे. ते खरंच मऊ होतं.

त्याच एप्रिलमध्ये, सामन्याच्या आधीच्या रविवारी, जयंती. माझ्या सभासदत्वामुळे क्लबचा हॉल आम्हाला मिळाला होता. साउथॉलहून खिरीची पातेली आली, मेडनहेडची आयटीवाली मंडळी प्रोजेक्टर घेऊन आली आणि दोन तास त्याची वायर शोधत राहिली. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, निळे झेंडे, आणि त्या सगळ्याखाली वर्षानुवर्षं बिअर प्यायलेला गालिचा. मेणबत्त्यांनी अलार्म वाजेल म्हणून मॉरीनने स्टुलावर चढून धुराच्या यंत्राला अंघोळीची टोपी घातली. "आता करा काय पूजा-बिजा करायची ती," ती म्हणाली.

"पूजा नाही, वंदना," बाबा म्हणाले.

"तेच ते, लव्ह."

आमच्यात एक रीत आहे. टेबलावर पांढरी चादर, त्यावर फ्रेम, फ्रेमला माळ. जो आधी येईल त्याने घालायची. फोटो कोणाचा हे विचारायचं नसतं; कोणी तरी ठेवलाय म्हणजे त्याला कारण असणार. त्या टेबलावर दोन फ्रेम असतात. एकीत मिटल्या डोळ्यांची शांत मूर्ती. दुसरीत निळ्या कोटातले, चष्मा लावलेले, हातात जाड पुस्तक धरलेले. त्यांचं नाव आमच्या घरात कधी सांगावं लागलं नाही, तेव्हा इथेही नको. त्या दिवशी तिसरी फ्रेम होती. मोठी, धुळकट. तीन रांगांत हाताची घडी घालून बसलेले सत्तावीस जण, मिशा, गंभीर चेहरे. बाबांना वाटलं, कुठल्या तरी जुन्या परिषदेचे कार्यकर्ते असतील, मेडनहेडवाल्यांनी आणले असतील. जुन्या तपकिरी फोटोत सगळेच तपकिरी दिसतात. त्यांनी बाहीने काच पुसली, फ्रेममागच्या टांगायच्या तारेला दोरा नीट बांधला आणि ईलिंग रोडवरून आणलेली सगळ्यांत जाड माळ त्या सत्तावीस जणांना घातली. मग लहान मुलांची रांग आली आणि एकेकाने त्यांना वाकून नमस्कार केला.

पेलमसाहेब आले ते नेमके तेव्हा. शताब्दीच्या जेवणासाठी दोन पाहुण्यांना हॉल दाखवायला. दारातच थांबले. क्लबच्या जुन्या खेळाडूंना आमची मंडळी फुलं वाहतायत असं त्यांना वाटलं असावं, कारण चेहरा अगदी उजळला. "किती सुंदर," पाहुण्यांना म्हणाले. मग जवळ आले. आणखी जवळ. आणि मग गुलाबी रंग गालांवरून कपाळापर्यंत चढला.

"हे इथे कसे?"

"प्लंबर यायचाय," मॉरीन बारमागून म्हणाली. "बॉयलरमागचं सामान काढून ठेवलंय. टेबल रिकामं होतं."

पेलमसाहेब बाबांकडे वळले. "मिस्टर, तुमचा काही तरी गैरसमज झालाय. हे आपले नव्हेत. फुलं वाहायची असतील तर आपले संस्थापक तिथे आहेत." त्यांनी भिंतीवरच्या तैलचित्राकडे हात केला. तैलचित्रातले गृहस्थ आमच्याकडे, म्हणजे आमच्या थोडं वर, बघत होते.

"त्यांनी काय केलं?" बाबांनी इंग्रजीत विचारलं. ते सावकाश बोलायचे, प्रत्येक शब्द पाना लावून घट्ट केल्यासारखा.

"त्यांनी हे मैदान दिलं."

"आणि यांनी?"

"यांनी," पेलमसाहेब म्हणाले, "खेळण्याचे पैसे घेतले."

"बुडालेल्या शिफ्टचे," मॉरीन म्हणाली. ग्लास पुसता पुसता, वर न बघता. मग तिने सगळंच सांगितलं, आणि तिला थांबवायला तिथे कोणी धजलं नाही. शंभर वर्षांपूर्वी ही माणसं जगाच्या दुसऱ्या टोकाहून, न्यूझीलंडहून, बोटीने आली होती. गिरण्यांच्या गावांतल्या संघांशी रग्बी खेळायला आणि खेळल्याबद्दल मोबदला घ्यायला. परदेशातून असा आलेला हा पहिलाच संघ. निघताना त्यांच्याच वर्तमानपत्रांनी त्यांना, पैशाचे लोभी अशा अर्थाने, "सोन्याचे" म्हणून हिणवलं. मॉरीनच्या गावात मात्र त्यांच्यासाठी बँड लावला होता. तिच्या आजोबांनी तो बापाच्या खांद्यावर बसून पाहिला होता. गिरणीतली माणसं शनिवारची पाळी सोडून खेळायची तेव्हा मजुरी जायची. ती मजुरी मागितली म्हणून साहेब लोकांनी त्यांना खेळातून काढलं होतं. "आणि नुसतं त्यांना नाही, लव्ह. त्यांच्याबरोबर खेळला तो बाद. त्यांच्याविरुद्ध खेळला तोही बाद. जन्मभर. या सत्तावीस जणांना इथल्या माळ्याने दोन दिवस मागच्या मैदानावर सराव करू दिला, तर त्याला काढून टाकलं. जाताना त्यांनी त्याला हा फोटो दिला होता. फेकायची कोणाची छाती झाली नाही, लावायची कोणाची इच्छा नव्हती. म्हणून बॉयलरमागे."

मोठे क्लब तोवर उघड पगार देऊ लागून बरीच वर्षं झाली होती. नियम केव्हाच मेला होता. सुतक फक्त पेलमसाहेब पाळत होते.

हॉलमध्ये खिरीच्या वेलदोड्याचा वास होता. बाबा फोटोकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, जसं घरी मीठ मागावं तसं म्हणाले, "म्हणजे विटाळ."

"काय म्हणाले तुझे वडील?" पेलमसाहेबांनी मला विचारलं. आणि माझ्या खांद्यावर, जिथे आईची हळद लागायची तिथे, हलकेच हात ठेवला. "तू त्यांना नीट समजावशील. शनिवारी मोठा सामना आहे ना तुझा?"

मी सोळा वर्षांची होते. मला ते गवत हवं होतं.

"ते सॉरी म्हणतायत," मी इंग्रजीत म्हणाले. "त्यांना माहीत नव्हतं. माळ काढतायत ते."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागावलेली माणसं कशी बघतात ते मला माहीत होतं; हे तसं नव्हतं. बिघाड नेमका कुठे आहे हे कळल्यावर ते इंजिनाकडे असं बघायचे.

"नो," ते पेलमसाहेबांना म्हणाले. "माझी मुलगी घाबरली आहे. मी सॉरी म्हणालो नाही. माळ चुकून घातली, ते खरं. आता चूक नाही. आता समजून घातली आहे. काढणार नाही." आणि वंदना पुढे सुरू झाली. टोपी घातलेल्या अलार्मखाली साठ माणसं उभी राहिली, तिन्ही फ्रेमकडे तोंड करून. मी शेवटच्या रांगेत होते. माझे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता.

घरी जाताना ट्रेनमध्ये बाबा दारापाशी उभे राहिले. आई बोलली, पातेलं मांडीवर धरून, समोरच्या खिडकीशी: "पोरगी आपल्या बापाचं इंग्रजी दुरुस्त करून रायली."

मंगळवारी पत्र आलं. हॉल पुढच्या वर्षापासून उपलब्ध नसेल. बुधवारी आमच्या कोचला फोन आला. मोठ्या मैदानाला विश्रांतीची नितांत गरज होती. मुलींचा सामना मागच्या मैदानावर.

म्हणजे मी बापाला विकलं, आणि गवतही मिळालं नाही.

शनिवारी वारा होता. कुंपणाला नुकती हिरवी पालवी फुटली होती. कपडे बदलून आम्ही बाहेर आलो तर मैदानाच्या कडेला बारमधली एक लाल गादीची खुर्ची, आणि खुर्चीवर ते सत्तावीस जण, आठवड्याच्या शिळ्या माळेसकट. शेजारी मॉरीन, हाताची घडी घालून, अठ्ठाविसावी असल्यासारखी.

आणि तिच्या पलीकडे बाबा. डेपोच्या निळ्या जाकिटात. शनिवार त्यांचा कामाचा दिवस.

"बाबा, तुमची शिफ्ट?"

"बुडवली."

"काहून?" मी विचारलं. घरातली भाषा मी मैदानावर कधी वापरत नसे.

"या लोकायनं बुडवली होती न," ते फोटोकडे हनुवटी करून म्हणाले. "पाहू म्हटलं, कसं वाटते."

आमची कॅप्टन जेस होती, सर्वांत लहान चणीची आणि सर्वांत फटकळ तोंडाची. तिने मॉरीनला विचारलं, "म्हणजे यांना हात लावला की आपण जन्मभर बाद?"

"नियमाप्रमाणे, लव्ह. अगदी कायमचं."

जेसने वाकून हाताला चिखल घेतला आणि पूर्ण पंजा काचेवर दाबला. "चला," ती म्हणाली, "सगळ्याच बाद होऊ." मग एकामागून एक पंधराही जणी. काचेवर बोटांचे ठसे, माळेतून पाकळ्या गळून गवतावर. मी शेवटची. बाबा फ्रेमच्या शेजारीच उभे होते. मला तेव्हा त्यांना काही तरी सांगायचं होतं. काच गार होती. मी हात लावला आणि धावत गेले.

आम्ही हरलो. कितीने, ते मला नीट आठवतं आणि मी सांगणार नाही. पण दुसऱ्या सत्रात एकदा, उताराच्या विरुद्ध दिशेने, आमच्या स्क्रमने समोरच्या आठ जणींना दहा पावलं मागे रेटलं. माझ्या मानेत काही तरी कट्कन वाजलं. कडेवरून मराठीत आवाज आला, "हाण!" त्या मैदानावर तो शब्द बहुधा पहिल्यांदाच ऐकला गेला असेल. पेलमसाहेब क्लबहाउसच्या खिडकीतून बघत होते म्हणे. बघू देत.

त्यानंतर फोटो बॉयलरमागे गेला नाही. मॉरीनने मागच्या मैदानाकडे उघडणाऱ्या दाराशी, हाताच्या उंचीवर, खिळा ठोकला. कमिटीने दोनदा काढायला सांगितलं. दोन्ही वेळा तिला हातोडी सापडली नाही. मी युनिव्हर्सिटीत गेले, मग नोकरी, मग मानेचं दुखणं, जे अजून पावसाआधी सांगतं. जयंत्या दुसऱ्या हॉलमध्ये झाल्या. मॉरीन उत्तरेला परत गेली आणि तिथेच गेली. आणि मी बाबांशी त्या रविवारबद्दल कधीही बोलले नाही. सोळाव्या वर्षी जमलं नाही ते छत्तिसाव्या वर्षीही जमलेलं नव्हतं.

आज त्या दाराशी उभी होते तेव्हा आतून बुटांची टकटक आली. मुली. आमच्यापेक्षा उंच, दातांना निळे-जांभळे गार्ड. जाता जाता प्रत्येकीने न बघता काचेवर पंजा मारला. काच मधोमध धुरकट झालीय. पाच-सहा चेहरे तर दिसतच नाहीत. शेवटची एक थांबली, कारण मी वाटेत होते.

"सॉरी," ती म्हणाली. "हात लावल्याशिवाय जायचं नसतं."

"का?"

तिने खांदे उडवले. "अपशकुन असतो. असंच आहे आधीपासून. कोण आहेत हे, तुम्हाला माहितीये?"

मी सांगितलं. बोट, न्यूझीलंड, बुडालेल्या पाळ्या, काढून टाकलेला माळी. तिचं निम्मं लक्ष मैदानाकडे होतं. मग मी म्हणाले, "माझ्या वडिलांनी याला माळ घातली होती. तेव्हा ते एक शब्द म्हणाले होते आणि मी तो इंग्रजीत सांगितला नाही."

"कुठला?"

मी सांगितला. म्हटलं, आमच्याकडे काही माणसांना हात लावला की लावणारा बाटतो असं मानायचे. विहिरीला लावला की विहीर. सावली पडली तरी. माझ्या आजोबांचा स्पर्श असा होता. त्याला विटाळ म्हणतात. माझ्या वडिलांनी हा फोटो बघितला, मॉरीन नावाच्या बाईचं बोलणं ऐकलं, आणि या अनोळखी माणसांना एका शब्दात ओळखलं. म्हणूनच माळ राहिली. चुकून नाही.

वीस वर्षं घेतली, पण या वेळी शब्दाला शब्द सांगितला.

मुलगी क्षणभर फोटोकडे बघत राहिली. "वेडे होते का ते लोक?" ती म्हणाली. मग दोन्ही हात काचेवर ठेवले, नीट, आणि पळाली. बाहेर शिट्टी झाली.

भावाच्या घरी पोचायला मला उशीर झाला. बाबा टीव्हीसमोर, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. माझ्या बुटांचा चिखल त्यांनी आधी पाहिला.

"कुठं गेलती?"

मी सांगितलं. फ्लॅट, मागचं मैदान, मुली, काच. मग एका दमात, त्या पोरीला मी काय सांगितलं ते. आणि मग, "बाबा, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"मले इंग्रजी येत होतं न," ते म्हणाले. टीव्हीचा आवाज त्यांनी कमी केला. मग, "फोटोले माळ होती काय?"

"नाही. नुसता दोरा राहिलाय."

"मंग तू हात हलवत गेली?"

त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि पाय खाली सोडले.

"पुढच्या शनिवारी जाऊ. ईलिंग रोडवरून घेऊन ये, जाड पाहून." गुडघा धरून ते उठले. "आता त शिफ्टबी नाही बुडवा लागत."